रिलीफ पिचरची कारकीर्द वाचताना

बेसबॉलमधील रिलीफ पिचरच्या, म्हणजे सामना सुरू असताना आधीच्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) जागी येणाऱ्या खेळाडूच्या, कारकिर्दीचा अभ्यास न्यूयॉर्क यँकीज संघाच्या मारियानो रिव्हेरापासून सुरू करण्याची आपली निवड योग्य आहे. मात्र केवळ त्याच्या ६५२ सेव्हवर (आघाडी टिकवून सामना संपवल्याबद्दल पिचरच्या नावावर लागणाऱ्या नोंदींवर) भिस्त ठेवू नका, कारण तीन धावांची आघाडी असताना शेवटची इनिंग (डाव) पूर्ण करूनही सेव्ह मिळतो, आणि ते काम तुलनेने सोपे असते. नवखे वाचक ईआरएवरही (पिचरच्या नावावर लागलेल्या धावांची दर नऊ इनिंगमागील सरासरी) फार लवकर विश्वास ठेवतात. आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले धावपटू घरी (होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे) पोहोचले, तर त्या धावा त्या आधीच्या पिचरच्याच नावावर लागतात, त्यामुळे रिलीफ पिचरचे अपयश त्याच्या आकड्यांत दिसतच नाही. त्याऐवजी भूमिका कशी बदलत गेली ते पाहा: १९९५ मध्ये यँकीजसाठी स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर), १९९६ मध्ये तेव्हाचा क्लोजर (सामना संपवणारा पिचर) जॉन वेटलँडच्या आधी येणारा सेटअप पिचर आणि १९९७ पासून स्वतः क्लोजर.