आईच्या नावापुढचे शून्य

तुम्ही दारव्ह्याकडचे, घरात एकुलते एक, आणि लंडनला नोकरी मिळत असताना आई-वडिलांना गावी ठेवून जाणे नैतिकदृष्ट्या योग्य ठरेल का, असे तुम्ही विचारले आहे. एम.ए.ला तत्त्वज्ञान असल्यामुळे उत्तरही तुम्हीच सुचवले आहे: उपयुक्ततावादानुसार, म्हणजे सगळ्यांचे मिळून जास्तीत जास्त भले ज्यात ते योग्य या मतानुसार, पाच माणसांचे भले होते, दोघांना दुःख होते, म्हणून जावे. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर आहेत, ते मी सांगत नाही. शाळेच्या दाखल्यात आणि पासपोर्टमध्ये नावाचा फरक असेल, तर तो मात्र आत्ताच दुरुस्त करून घ्या. एका वेलांटीपायी मी तालुक्याच्या एका कचेरीत नऊ चकरा मारल्या आहेत.

तेरा वर्षांपूर्वी असाच हिशेब मी वहीत मांडला होता. उपयुक्ततावाद मांडणारा इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम मी इथे लंडनला आल्यावर वाचला. (त्याचा सांगाडा, त्याच्याच कपड्यांत, इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात खुर्चीवर बसवलेला आहे, मी तो पाहून आलो.) १७८९च्या ग्रंथात तो सुखदुःख तीव्रता, कालावधी, खात्री अशा सात कसोट्यांवर मोजायला सांगतो, माझ्या वहीत एकच कसोटी होती, रुपये. तरीही या सिद्धांताची थोरवी मी मानतो. राजाच्या आणि सालदाराच्या दुःखाला तो सारखेच वजन देतो. जनावराला बोलता येते का, हे न पाहता त्याला वेदना होतात का, हे तो विचारतो, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोण्याने बैलांचे खांदे शेकणाऱ्या आमच्या बाबांना हे समजावून सांगावे लागले नसते. शिवाय परिणाम पाहा, ही त्याची शिस्त खरी आहे: माझ्या पैशातून सोसायटीचे कर्ज फिटले, शेतात बोअर झाली, बहीण नर्सिंग शिकली.

त्यातली खोट मला मुलीच्या शाळेने दाखवली. सात वर्षांची ती इंग्रजी न येता आली, तेव्हा वर्गातील इतर सत्तावीस मुलांचा वेळ जाऊ नये म्हणून गणिताच्या तासाला तिला मदतनीस बाईंबरोबर ग्रंथालयात चित्रे रंगवायला बसवत असत. गावच्या जिल्हा परिषद शाळेत ती गणितात पहिली होती. सत्तावीसांच्या दृष्टीने तो निर्णय बरोबरही असेल, पण त्यांच्या फायद्याने तिच्या वर्षाची भरपाई कशी होते, हे मला कोणी सांगितले नाही. हा सिद्धांत माणसामाणसांतील वेगळेपण गांभीर्याने घेत नाही, अशी तक्रार अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१मध्ये केली आहे. आज मुलगी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते. माझा राग आहे तिथेच आहे.

एकटेपणाचे विचारलेत. तो असतो, हिवाळ्यात चारलाच अंधारते, आणि त्याची सवय होते.

ज्याची सवय झाली नाही, ते वेगळे आहे. जळत्या घरातून एकालाच वाचवता येत असेल, तर जगाच्या अधिक उपयोगी पडणाऱ्या फ्रान्सचे धर्मगुरू आणि लेखक आर्चबिशप फेनेलाँ यांना वाचवावे, मोलकरणीला नव्हे, मग ती आपली आई का असेना, असे इंग्रज विचारवंत विल्यम गॉडविनने १७९३मध्ये लिहिले. ते वाचून मी पुस्तक मिटले, आणि मग आठवले की मी तर आग नसतानाच तसे केले होते. निघण्यापूर्वी आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मले काय होते? तुह्यं भलं होत असन तं जाय." तिच्या नावापुढे मी शून्य लिहिले. प्रत्येकाला एक मोजा, एकापेक्षा जास्त कोणालाही नको, हे उपयुक्ततावादाचे सूत्र. पण आपल्याकडच्या बाया स्वतःला मोजतच नाहीत, आणि ज्याला निघायचे असते त्याला ते शून्य फार सोयीचे पडते. बाबा गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो.

म्हणून घरी "जाऊ का?" असे विचारू नका. रात्री छातीत दुखले तर यवतमाळला कोण नेईल, फवारणीच्या वेळी मजूर कोण पाहील, बँकेत अंगठा देताना शेजारी कोण उभे राहील, असे एकेक विचारा. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला ती दोघे गप्प होतील. वही त्यानंतर उघडा.