पेट्रोल-डिझेलचा दर नक्की ठरतो कुठे? आणि सावंतवाडीहून गोव्यात येऊन टाकी भरणं परवडतं का?

तुम्ही विचारलंय की कच्चं तेल उतरल्याच्या बातम्या येतात तरी पंपावर दर हलत का नाही, आणि गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की तेच पेट्रोल सात-आठ रुपयांनी स्वस्त कसं होतं, आणि सावंतवाडीहून मुद्दाम येऊन भरावं का. मी गोव्यात पेडण्याला एका पंपावर नऊ वर्षं हिशोब बघतोय, त्यामुळे हा प्रश्न मला जवळपास रोज कोण ना कोण विचारतंच.

सगळ्यात आधी एक सांगतो, दर पंपवाल्याच्या हातात अजिबात नसतो, तो तेल कंपन्यांकडून येतो. रोज सकाळी ६ वाजता नवीन दर लागू होतो, ही पद्धत १६ जून २०१७ पासूनची, त्याआधी पंधरा दिवसांनी बदलायचा. आमच्या मशीनवर आता दर आपोआपच बदलतो, मी सकाळी फक्त टाकीत डिप, म्हणजे माल किती उरलाय ते मोजायची पट्टी, टाकतो, नोजलचं रीडिंग घेतो आणि दर बरोबर आलाय ना ते बघून वहीत लिहितो. नवीन पोरं नोजलवर लागली की पहिल्या आठवड्यात हमखास गिऱ्हाइकाच्या शिव्या खातात, काय रे कालच्यापेक्षा जास्त कसं, आणि त्या पोराला त्यातलं काहीच ठाऊक नसतं, वाईट वाटतं बघून.

आता मालाची किंमत. आपण लागणारं कच्चं तेल ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो आणि पैसे डॉलरमध्ये देतो, म्हणजे तेल तिथेच राहिलं आणि रुपया घसरला तरी आपल्याला महाग पडतं. आणि रिफायनरीतून निघताना जो भाव लागतो तो कच्च्या तेलाला थेट बांधलेला नाही, बाहेरच्या बाजारात तयार पेट्रोल-डिझेल काय भावाने विकलं जातंय त्यावरून तो काढतात, त्यामुळे बातमीतला बॅरलचा आकडा आणि पंपावरचा आकडा एका चालीने चालतच नाहीत. गोव्यात रिफायनरी नाही, माल जहाजाने मुरगाव बंदरात येतो आणि वास्कोहून टँकर निघतात, हे भाडंही दरात असतं पण ते पैशांत मोजण्याइतकं, म्हणून वास्को आणि पेडण्याच्या दरात थोड्या पैशांचाच फरक दिसतो.

खरी गंमत पुढे आहे, इथे जरा नीट बघा. २०२५ चे आकडे घेऊन गोळाबेरीज करू. मालाचे आणि भाड्याचे मिळून ५३ रुपये धरा. त्यावर केंद्राची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, २१ रुपये ९० पैसे, डीलरचं कमिशन ४ रुपये ३० पैसे धरा. झाले ७९ रुपये २० पैसे. इथपर्यंत गोवा आणि सिंधुदुर्ग सारखेच. आता गोव्याचा व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, साडेएकवीस टक्के आणि अर्धा टक्का ग्रीन सेस, म्हणजे २२ टक्के, ते लावले की ९६ रुपये ६० पैसे. तेच ७९ रुपये २० पैसे घेऊन महाराष्ट्राचे २५ टक्के लावा आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे घाला, १०४ च्या वर जातं. तुमचे साडेसात रुपये हे असे. मालात काडीचा फरक नाही, पेट्रोल तेच, फरक सगळा राज्याच्या कराचा.

आणि बघा, राज्याचे टक्के एक्साइज धरून झालेल्या रकमेवर लागतात. म्हणजे करावर कर. केंद्राने १० रुपये वाढवले की गोव्यात गिऱ्हाइकाला १२ रुपये २० पैसे पडतात, आणि राज्याला काही न करता वरचे मिळतात. मला स्वतःला हे पटत नाही, लिटरमागे ठरलेले रुपये घ्यावेत आणि ते बिलावर छापावेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण बिल हातात घेऊन उभ्या माणसाला आपण मालाचे किती दिले आणि कराचे किती हे कळायलाच पाहिजे. राज्यं का सोडत नाहीत त्यालाही कारण आहे, त्या २१ रुपये ९० पैशांतले फक्त १ रुपया ४० पैसे मूळ एक्साइज, तेवढ्यातलाच हिस्सा राज्यांत वाटतात, बाकी सगळे सेस आणि जादा शुल्क केंद्राकडेच राहतं. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही तेही यामुळेच, दोघांनाही हा पैसा हवाय.

तेल उतरलं तेव्हा दर का नाही उतरला, याचं सगळ्यात ठळक उदाहरण २०२० चं. लॉकडाऊनमध्ये रस्त्यावर गाडी नाही, जगात तेल मातीमोल झालेलं, तेव्हा केंद्राने मार्चमध्ये ३ रुपये आणि मे महिन्यात पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये एक्साइज वाढवली, पंपावरचा दर तसाच राहिला आणि स्वस्ताई सगळी कराने खाल्ली. याच्या उलटंही होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० कमी केले, गोवा सरकारने वर आणखी ७ कमी केले, मग फेब्रुवारी २०२२ ला विधानसभेचं मतदान झालं, निकाल यायच्या आधीच युक्रेनच्या लढाईने तेल भडकलं तरी दर जागचा हलला नाही, आणि निकाल लागून गेल्यावर २२ मार्चपासून जी वाढ सुरू झाली ती सोळा दिवसांत १० रुपये. कागदावर पेट्रोल २०१० ला आणि डिझेल २०१४ ला बाजारभावावर सोडलंय, पण ९० टक्क्यांच्या आसपास पंप तीन सरकारी कंपन्यांचे, तेव्हा दर कधी थांबवायचा आणि कधी सोडायचा हे नुसता बाजार ठरवत नाही एवढं माझं निरीक्षण.

गोव्यात जुने लोक अजून २०१२ ची आठवण काढतात. मनोहर पर्रीकरांनी मुख्यमंत्री झाल्यावर पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, एका फटक्यात अकराएक रुपये उतरले. त्याच वर्षी लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तिजोरीत येणारा पैसा आटला, आणि मग व्हॅट हळूहळू परत चढत गेला. राज्याला दुसरीकडून पैसा असेल तरच पेट्रोल स्वस्त राहतं, हे आम्ही इथे डोळ्यांनी बघितलंय.

पंपवाला मधल्यामध्ये मिळवतो असं बऱ्याच जणांना वाटतं म्हणून हेही सांगतो. २१ मे २०२२, शनिवार, संध्याकाळी एक्साइज कमी झाल्याची घोषणा झाली, सकाळपासून पेट्रोल साडेनऊ रुपयांच्या आसपास उतरणार. आमच्याकडे दुपारीच बारा हजार लिटरचा टँकर खाली झालेला, पैसे जुन्या दराने भरलेले. रात्री बातमी कळल्यावर एकही गाडी भरायला येईना, सगळे सकाळची वाट बघत. मालक खुर्चीत बसून डिपचा आकडा परत परत विचारत होते आणि मी कॅल्क्युलेटरवर एकच गुणाकार तीनदा केला, नुकसान लाखाच्या वर. गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला हे चांगलंच झालं, पण त्या रात्री मालकांना जेवण गेलं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सावंतवाडीहून पत्रादेवीला जाऊन-येऊन पस्तीसएक किलोमीटर धरा. कारमध्ये ३० लिटर भरलं तर वाचतात सव्वादोनशे, आणि पंधराच्या ॲव्हरेजने जाण्यायेण्यातच तेवढं पेट्रोल जळतं. बाईकच्या आठ लिटरला वाचणार ६० रुपये, तेही जवळपास सगळे रस्त्यातच जातात. डिझेलचा तर विचारच सोडा, तिथे दोन राज्यांच्या टक्क्यांत फार अंतर नाही, लिटरमागे दोनेक रुपयेच सुटतात. नाक्याजवळ बांद्यात राहत असाल किंवा कामाला रोज म्हापसा-वेर्ण्याला येत असाल तर मात्र बिनधास्त इकडेच भरा. आणि कॅनमधून न्यायचं डोक्यात असेल तर काढून टाका, आम्ही देत नाही, उन्हात बंद गाडीत प्लास्टिकच्या कॅनमधलं पेट्रोल म्हणजे बाजूला आग घेऊन बसण्यासारखं आहे.