गोऱ्हा मारका आहे, क्रूर नाही

प्रिय ओवी,

फोनवर आजोबा म्हणाले, "लाल गोऱ्हा मारका झालाय, रानात नेत नाही." त्यावर तुझे दोन प्रश्न: मारका म्हणजे क्रूर का? आणि त्या गोऱ्ह्याला, म्हणजे तरण्या बैलाला, जंगलात न्यायचंच कशाला?

आधी रान. आपल्या नांदेड-लातूरकडे रान म्हणजे शेत. काळं रान, मुरमाड रान. "रानात गेलेत" म्हणजे शेतावर गेलेत. 'रानटी' मात्र शेताशी संबंध तोडून बसलाय. माणसाला म्हटलं तर ती शिवीच.

मारका म्हणजे शिंगं उगारायची खोड लागलेला. मान खाली, डोळे वर, फुसकारणं, पुढच्या खुरानं माती उकरणं, असं दिसलं की समोर थांबायचं नाही. एरवीही अशा जनावराकडे आवाज देत, बाजूनं जायचं. ही खोड पुष्कळदा माणसंच लावतात. वासराच्या कपाळाला तळहात लावून रेटारेटी खेळतात. शिंगं फुटून अंगात जोर आला की तो तोच खेळ पुढं चालवतो. लाड करायचेच तर गळ्याखाली खाजवावं.

आवरायला वेसण, म्हणजे नाकातून ओवलेली दोरी. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला कूर्चेच्या पुढं जो मऊ, पातळ भाग असतो, तिथंच टोचायची. फार पुढं टोचली तर हिसक्यानं नाक फाटतं, मागं कूर्चेत गेली तर जखम चिघळते. जखम भरेपर्यंत वेसणीला ओढ द्यायची नाही.

लाथ झाडते ती लाथाडी, मोटारसायकलला दचकतो तो बुजरा, दुसऱ्याच्या ज्वारीत घुसतं ते ओढाळ. त्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं, म्हणजे पळताना पायात येतं. हे शब्द माणसांनाही चिकटतात. रागानं टक लावलीस तर आजी म्हणेल, "मारक्या म्हशीसारखी बघू नको." बायकोवर हात टाकणारा तो मारकुटा.

क्रूर शब्द गोठ्यात फारसा ऐकू येत नाही. दुसऱ्याला दुखतंय हे कळून जो करतो, तो क्रूर. दमलेल्या बैलाला पराणीची, म्हणजे हाकायच्या काठीची, टोकदार आर खुपसणाऱ्याला खुशाल क्रूर म्हण. बिबट्याला हिंस्र म्हणावं.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मात्र मारका बैल कुणाकडेच नसतो. विकणारा म्हणतो, "पाणीदार आहे." शहाणं गिऱ्हाईक मग वय ओळखायला दात नंतर बघतं, आधी मालकाला बाजूला उभं करून कासरा स्वतःच्या हातात घेतं आणि बैल चालवून बघतं.

तुझे,
बाबा