डिस्चार्ज झाला, पुढे काय? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं वेगवेगळ्या जिल्ह्यांतून असूनही दुखणं एकच सांगतात. जीव वाचला, प्लास्टर निघालं, सर्टिफिकेटही मिळालं, पण माणूस परत चालता-बोलता-कमावता व्हावा म्हणून जे करायचं असतं ते कुठे मिळतं हे कुणी सांगतच नाही. त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त रिहॅबचे, म्हणजे पुनर्वसनाच्या उपचारांचे प्रश्न घेतेय.

प्रश्न : ताई, वडिलांना दोन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. वय 61. दवाखान्यात चांगले उपचार झाले, जीव वाचला, पण डिस्चार्ज कार्डवर शेवटी नुसतं ‘फिजिओथेरपी’ लिहून दिलंय. आमच्या गावापासून शहर लांब, घरी येऊन व्यायाम घेणारा जे पैसे सांगतो ते रोज परवडत नाहीत. अपंगाच्या सर्टिफिकेटसाठी गेलो तर म्हणाले सहा महिन्यांनी या. आता खांदा एवढा दुखतो की हाताला हात लावू देत नाहीत. गावात सगळे म्हणतात जोरात मालिश करा. काय करू? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : दादा, आधी खांद्याचं बघू, कारण ते आजपासूनच करता येईल. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात, मग हाताचं सगळं वजन सांध्यावर लटकत राहतं, त्यात घरचे लोक उठवताना तोच हात धरून ओढतात नाहीतर काखेत हात घालून उचलतात आणि सांध्याला इजा होते. हे बहुतेक घरांत होतं, कुणी मुद्दाम करत नाही, कारण दवाखान्यातून निघताना कुणी दाखवलेलंच नसतं. तर आजपासून तो हात धरून ओढायचा नाही. वडिलांच्या कमरेला एक उपरणं घट्ट बांधा, त्यांच्या कमजोर बाजूला उभे राहा आणि उपरणं धरून आधार द्या. बसलेले असतील तेव्हा हात मांडीवर उशी घेऊन तिच्यावर नाहीतर समोर टेबलावर ठेवायचा, लटकता नको. चालताना झोळी चालेल पण दिवसभर गळ्यात अडकवून ठेवू नका, कोपर आखडतं.

मालिशचं म्हणाल तर हलक्या हाताने तेल लावलं तर बिघडत काही नाही, पण जोरात रगडणं आणि हात पिरगाळून वर नेणं बंद म्हणजे बंद. कबुतराच्या रक्ताचे वगैरे उपाय कुणी सांगितले तर त्यात पैसे आणि वेळ दोन्ही जाईल, आणि आत्ता तुमच्याकडे वेळच सगळ्यात महाग आहे.

दुसरं, खुर्चीतून उठणं-बसणं. हाच त्यांचा मुख्य व्यायाम समजा. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही, दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, मग पुढे वाकायचं, नाक गुडघ्यांच्या पुढे येईपर्यंत, आणि उठायचं, कमजोर पायावरही वजन येऊ द्यायचं. एका वेळी जमेल तेवढं, पण दिवसातून अनेकदा. पाणी पिताना ठसका लागतो का तेही बघा, लागत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा, अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बीपीच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, त्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोफत मिळतात.

आता कुठे जायचं. सिव्हिलमध्ये फिजिओथेरपी विभाग असतो, तिथे केसपेपरवर काम होतं. शिवाय वडील साठीच्या पुढचे आहेत, वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून सुरू आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वॉर्ड आणि फिजिओथेरपी धरलेली आहे, खालच्या ग्रामीण रुग्णालयातही धरलेली आहे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन स्पष्ट विचारा की या कार्यक्रमाचा फिजिओ कोणत्या वारी बसतो. रोज जाणं जमणार नाही हे मला माहितीये, म्हणून पंधरा दिवसांनी एकदा जा पण जाताना जे रोज सांभाळतात त्यांना न्या, आई असेल, वहिनी असेल. फिजिओला सांगा की व्यायाम आमच्याकडून करून घ्या आणि मोबाईलवर व्हिडिओ काढू द्या.

आणि ते सहा महिने. लकव्यात किती अपंगत्व कायमचं राहणार हे लगेच कळत नाही म्हणून सर्टिफिकेटसाठी सहा महिने थांबवतात, वैद्यकीयदृष्ट्या त्यात चूक नाही. पण लकव्यात सगळ्यात झपाट्याने सुधारणा होते ती पहिल्या तीन महिन्यांत, त्यानंतरही होते पण हळू. म्हणजे बघा, दवाखान्याच्या दृष्टीने पेशंट डिस्चार्ज झाला, त्यांचं काम संपलं, आणि दिव्यांग कल्याणच्या दृष्टीने तो अजून दिव्यांग झालेलाच नाही, त्यांचं काम सुरूच झालं नाही. मधले जे सोन्यासारखे महिने ते कुणाच्याच रजिस्टरमध्ये नाहीत. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. व्यायाम घेणं हा उपचार आहे, सलाईन जसं उपचार आहे तसाच, त्यासाठी आधी कायमचं अपंग ठरायची वाट बघायला लागू नये.

तुमच्याकडे अजून वेळ आहे. सुरू करा.

प्रश्न : ताई, मी आशा आहे. माझ्या पाड्यावर एका बाईला मुलगा झाला, वीस दिवसांचा आहे, दोन्ही पावलं आत वळलेली. सासू म्हणते ग्रहणात हिने भाजी चिरली म्हणून असं झालं, आणि मोठा झाला की आपोआप सरळ होईल. हे लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काय सांगू त्यांना? (आशा कार्यकर्ती, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : ताई, पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत. आधी एक बघा, पाऊल हलक्या हाताने सरळ करून बघितलं तर पूर्ण सरळ होतं का? होत असेल तर पोटातल्या ठेवणीमुळे वळलेलं असू शकतं, तरी डॉक्टरांना दाखवा. कडक असेल, सरळ येतच नसेल तर तो क्लबफूट असण्याची शक्यता जास्त, आणि तो आपोआप सरळ होत नाही.

पण याचा उपचार इतका चांगला आहे की ऐकून घरच्यांना धीर येईल. पॉन्सेटी पद्धत म्हणतात. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं फिरवून प्लास्टर, साधारण पाच-सहा प्लास्टर, मग बऱ्याच बाळांना टाचेमागच्या कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, बारीकसा छेद, त्यानंतर एका पट्टीला जोडलेले खास बूट. हे बूट पहिले तीन महिने दिवसरात्र, फक्त अंघोळीपुरते काढायचे, आणि पुढे मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. जितक्या लवकर सुरुवात तितकं सोपं. मोठी चिरफाड लागत नाही, मूल पळतं, शाळेत जातं, कुणाला कळतही नाही.

रस्ता असा आहे. तुमच्या एएनएमला, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सला, सांगा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीमला कळवा. हा कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 ला आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला, शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि क्लबफूट त्याच्या यादीतच आहे. ती टीम मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या लवकर निदान-उपचाराच्या केंद्रात पाठवते. नवजात बाळासाठी तुमच्या घरभेटी चालूच असतात, त्यात हे लिहून घ्या, कागदावर आलं की पाठपुरावा करता येतो.

ऊसतोडीचं तुम्ही बरोबर ओळखलंत, खरा धोका तोच आहे. प्लास्टर बहुतेक पूर्ण होतील पण बूट सुटले की पाऊल परत वळतं, आणि फडावर गेलेल्या बाईला कोण विचारणार बूट घातले का म्हणून. तर आत्ताच सुरू केलं तर दिवाळीपर्यंत किती होईल ते डीईआयसीत स्पष्ट विचारा, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार ते मुकादमाकडून काढा आणि तिथलं डीईआयसी कुठलं ते आईच्या कार्डावर लिहून द्यायला लावा. बूट लहान झाले तर नवीन कुठून घ्यायचे हेही. एका जिल्ह्याने दुसऱ्या जिल्ह्याला पेशंट नीट सोपवला पाहिजे, गरोदर बाईच्या बाबतीत आपण असं करायला लागलोय, या बाळांच्या बाबतीतही व्हायला हवं.

आणि त्या सासूबाईंना सांगा की ग्रहणाचा काही संबंध नाही, सुनेने काही चुकीचं केलेलं नाही. हे सुनेच्या समोर सांगा.

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर 3 डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या, सुमारास शिबिरं होतात, व्हीलचेअर, कुबड्या, तीनचाकी वाटतात, फोटो निघतात. याला रिहॅब म्हणायचं का? सरकारने नक्की काय करायला हवं? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : शिबिरातून साधन मिळतं, आणि ज्याला कधीच काही मिळालं नव्हतं त्याच्यासाठी ते मोठं असतं, त्यामुळे शिबिर बंद करा असं मी म्हणणार नाही. पण साधन देणं ही सुरुवात असते. मी घरी जाऊन बघितलेल्या किती खुर्च्यांची सीट त्या माणसाला दोन बोटांपेक्षा कितीतरी जास्त रुंद असते, माणूस एका बाजूला कलतो, कुशन नसतं, आणि मणक्याला मार लागलेल्याला खाली संवेदनाच नसते म्हणून जखम झालेली कळत नाही, कळते तेव्हा ती हाडापर्यंत गेलेली असते. पाय कापलेल्याचा उरलेला भाग पहिल्या काही महिन्यांत आकसतो, म्हणून कृत्रिम पायाचं सॉकेट, म्हणजे तो उरलेला भाग जिच्यात बसतो ती वाटी, बदलावं लागतं, ते बदलायला कुठे जायचं हे माहीत नसलं की पाय कोपऱ्यात पडतो. मग लोक म्हणतात याला दिलं तरी वापरत नाही.

हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही असं नाही. फौजेने पुण्यातच 1944 साली आर्टिफिशियल लिंब सेंटर काढलं, महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी. मुंबईत हाजीअलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन 1955 पासून आहे. ज्ञान जुनं आहे, ते तालुक्यापर्यंत उतरलं नाही. त्यात खाती वेगळी. हाजीअलीची संस्था केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे, आणि वांद्र्याची अली यावर जंग ही श्रवण-वाचेची संस्था सामाजिक न्याय मंत्रालयाच्या दिव्यांगजन विभागाकडे. महाराष्ट्राने 2022 मध्ये वेगळा दिव्यांग कल्याण विभाग केला, चांगलंच झालं, पण त्यामुळे आरोग्य खात्याला असं वाटायला नको की आता हा विषय आपला राहिला नाही.

कारण रिहॅब फक्त दिव्यांगांसाठी नसतं. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग मोजले गेले. पण लकवा, खुब्याचं फ्रॅक्चर, गुडघेदुखी, भाजणं, कुष्ठरोग, यातल्या कितीतरी लोकांकडे सर्टिफिकेट नसतं तरी त्यांना रिहॅब लागतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात सुमारे 240 कोटी लोकांना असा आजार किंवा दुखापत आहे की ज्यात रिहॅबने फायदा होईल. मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठरावच केला की रिहॅब हा आरोग्यव्यवस्थेचाच भाग हवा, अगदी प्राथमिक पातळीपासून.

तू एकच गोष्ट विचारलीस तर मी म्हणेन प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचं कायमचं, भरलेलं पद, आणि आठवड्यातले काही दिवस त्याने उपकेंद्रांवर आणि घरी जायचं. तमिळनाडूने 5 ऑगस्ट 2021 ला घरपोच आरोग्यसेवेची योजना सुरू केली, तिचं नाव मक्कलै तेडी मरुत्तुवम. त्यात बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर फिजिओथेरपीही घरी पोचते. आपल्यापेक्षा ते फार श्रीमंत राज्य आहे म्हणून झालं असं नाही, त्यांनी ती आरोग्य खात्याची जबाबदारी मानली म्हणून झालं. कायदाही आपल्या बाजूने आहे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 25 वं कलम सांगतं की आरोग्यसेवा जवळपास मिळाली पाहिजे, विशेषतः ग्रामीण भागात.

तू पास झालीस की पहिली दोन वर्षं तरी तालुक्याला काढ असं मनापासून सांगते. आणि जिथे जाशील तिथल्या रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत हे बोल. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, बऱ्याच ठिकाणी तो वर्षाच्या शेवटी घाईघाईने थोडे थोडे पैसे वाटून संपवतात. त्यातून दोन-तीन गावांनी मिळून थेरपीला जायला गाडी लावता येईल का, हे विचारणारं कुणीतरी तिथे हवं.

प्रश्न : मुलगा 6 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) आहे. थेरपीचा खर्च थांबतच नाही. आरोग्य विम्यात थेरपी बसत नाही म्हणतात. काही मार्ग? (एक आई, सांगली)

उत्तर : आहे. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर, त्यात थेरपी आणि ओपीडीचा खर्चही मर्यादेत बसतो, आधी मेडिकल तपासणी करत नाहीत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा. अर्ज नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करता येतो, दरवर्षी रिन्यू करावा लागतो, तारीख चुकवू नका. थेरपीची प्रत्येक पावती, त्यावर तारीख, मुलाचं नाव आणि थेरपिस्टची सही शिक्क्यासकट घ्या, क्लेम अडकतात ते बहुतेक पावतीवरूनच. आणि मुलगा वाढतोय, पायाला आधार देणारे स्प्लिंट घट्ट झाले की पायावर लाल वण दिसतात, स्प्लिंट काढल्यानंतर अर्ध्या तासात ते वण गेले नाहीत तर स्प्लिंट बदलायची वेळ झाली, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डीईआयसीत किंवा जिथून स्प्लिंट घेतले तिथे घेऊन जा.