शहाबादी फरशी कुठली?

प्रश्न : आमच्या जुन्या घरात सगळीकडे शहाबादी फरशी आहे. मुलं ती उखडून टाइल्स बसवायची म्हणतात. ही खरंच शहाबादची असते का? आपल्याकडे दगडाला तोटा नसताना ती तिकडून का आणायची? आणि त्या भागाचं पोट दगडावरच चालतं का?
– एक वाचक, निलंगा

उत्तर : शहाबाद कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या गुलबर्ग्यात. १९५६ पर्यंत ते आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला गेला असाल, तर त्या जिल्ह्यात तुम्ही जाऊन आलात.

आपला काळा दगड लाव्हा थिजून झालेला. घण घातला की वेडावाकडा फुटतो. पायाला, भिंतीला एक नंबर, पण त्याची पातळ लादी निघत नाही. शहाबादचा दगड चुनखडीचा, आपल्या लाव्ह्याहून कितीतरी जुना. समुद्राच्या तळाशी गाळ थरावर थर बसून तो घडला. खाणीत थराच्या सांध्यात छिन्नी ठोकायची, पहार घालायची, की सपाट लादी सुटून वर येते. आता दुकानदार तेलंगणातल्या तांदूरची लादीही ‘शहाबादी’ म्हणून देतात. दगड त्याच जातीचा, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नका.

पोट नुसतं फरशीवर नाही. त्याच चुनखडीवर वाडी, सेडम, मळखेडचे सिमेंट कारखाने उभे आहेत. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. वेरूळचं कैलास कोरवणाऱ्या घराण्याची पुढची राजधानी. आज तिथे किल्ल्याच्या पडक्या भिंती आहेत आणि जवळच सिमेंटची धुराडी. शेतात मात्र तूर. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस, सगळं आपल्यासारखंच. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लातूरच्या डाळ मिलवाल्यांपुढे हे जरा हळूच बोला!

राहिला मुलांचा हट्ट. माझं मत विचाराल तर उखडू नका. उन्हाळ्यात दुपारी त्या फरशीवर चटईसुद्धा न टाकता आडवं होता येतं, टाइल्सवर पाणी सांडलं की म्हातारी माणसं घसरतात. कळा गेली असेल तर घासून पॉलिश करून घ्या. फक्त संडास धुवायचं ॲसिड तिच्यावर पडू देऊ नका. चुनखडीच ती, लगेच फेसाळते आणि पांढरा डाग कायमचा बसतो. लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडलं तरी तेवढ्यात पुसून घ्या.