ब्रॉयलरला अँटिबायोटिकऐवजी ओव्याचं किंवा लवंगेचं तेल देऊन भागेल का?

तुमचं 3000 पक्ष्यांचं शेड आहे, जवळपास प्रत्येक लॉटला तिसऱ्या आठवड्यात लिटर (शेडमध्ये अंथरलेला भुसा) ओलं होतं आणि पाण्यातून अँटिबायोटिक सोडावं लागतं. त्याऐवजी तेल चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी पोल्ट्रीतच पशुवैद्यक आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. पक्षी आजारी पडू नये म्हणून तेल चालेल. मर सुरू झाल्यावर त्याच्या भरवशावर बसू नका.

तेलात दम नाही असं मात्र समजू नका. ओव्यातलं थायमॉल (दुकानात ओव्याचं फूल म्हणून मिळतं तेच), लवंगेतलं युजेनॉल, ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल ही द्रव्यं जिवाणूच्या स्निग्ध पडद्यात शिरतात. पडदा गळायला लागतो, आतलं पोटॅशियम बाहेर येतं, पेशीचं ऊर्जेचं गणित कोलमडतं. काचेच्या बशीत तेलाचा थेंब टाकला की भोवती जिवाणू उगवत नाहीत. विक्रेते तोच फोटो मोबाईलवर दाखवतात.

पण त्या बशीत मका-सोया नसतो. कोंबडीच्या पोटात खाद्यातली चरबी आणि प्रथिनं बरंचसं तेल धरून ठेवतात, आणि उरलेलं आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं. क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचा धुमाकूळ त्याच्या खाली चालतो, साल्मोनेला हा दुसरा जिवाणू तर थेट सीकमात (आतड्याच्या खालच्या टोकाकडच्या पिशवीत) मुक्काम ठोकतो. तिथवर पोचण्यासाठी तेल चरबीच्या बारीक कणांत बंद करून पावडरच्या रूपात विकतात; कण आतड्यात हळूहळू सुटतात. घ्यायचं तर ते घ्या आणि पहिल्या दिवसापासून फीडमध्ये द्या. पिशवीवर फक्त ‘हर्बल’ लिहिलंय आणि आत कुठलं द्रव्य किती टक्के ते नाही, तर ती पिशवी परत करा. एकाच झाडाचं तेलसुद्धा वाण, जमीन आणि काढणीप्रमाणे बदलतं, त्यामुळे टक्केवारीशिवाय मात्रा ठरवताच येत नाही.

बाजारातली बाटली आणून टाकीत ओतू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, ओव्याचं वर तरंगतं आणि लवंगेचं जड असल्याने तळाशी बसतं; लाईनमधून कधी नुसतं पाणी जातं, तर कधी जाड तेल निप्पलला (पक्षी पाणी पितात त्या तोटीला) येतं. लवंगेचं निव्वळ तेल तोंड पोळवतं, आणि पाणी कडवट लागलं की पिल्लं पाणीच कमी पितात. उन्हाळ्यात हे परवडणारं नाही. तेलाचं पाण्यात विरघळणारं तयार औषध वापरत असाल तर पाण्यातून लासोटा-गंबोरोच्या लसी देण्याच्या दिवशी तेही बंद ठेवा, क्लोरीन बंद ठेवता तसंच.

खरं तर तुमच्या प्रश्नात मला तेलापेक्षा ‘तिसरा आठवडा’ जास्त खटकला. त्या वयात ओलं लिटर म्हटलं की पहिला संशय कॉक्सीवर (कॉक्सिडिया, आतड्यातला सूक्ष्म परजीवी). तो जिवाणू नाही, त्यामुळे तुमचं अँटिबायोटिक कदाचित भलत्याच शत्रूवर चाललंय. कॉक्सीने आतडं सोललं की मागून क्लॉस्ट्रिडियम घुसतो. ताजे मेलेले दोन-तीन पक्षी उघडून बघायला लावा. आतड्यात रक्ताचे ठिपके आहेत की आतलं अस्तर टॉवेलसारखं खरखरीत झालंय, यावरून पुढचं ठरतं. सोबत निप्पलची उंची आणि गळती बघा. अर्धी ओल तिथूनच येते.

युरोपात वाढीसाठी फीडमधून अँटिबायोटिक देणं 1 जानेवारी 2006 पासून बंद आहे. तिथेही नुसतं तेल टाकून काम झालं नाही. लिटर, हवा, लस, पक्ष्यांची दाटी, सगळं सुधारावं लागलं. आपल्याकडे 2019 मध्ये कोलिस्टिन हे अँटिबायोटिक माणसाच्या खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी बंद झालं. जुना डबा शेडमध्ये पडला असेल तर तो वापरू नका.

शेवटी तुमच्या भावाच्या गाईला दगडी (कासेचा दाह) झालीय, सडातून ओव्याचं तेल सोडू का, असं विचारलंय. अजिबात नको. आतलं नाजूक अस्तर पोळेल आणि दुधाला वास येईल तो वेगळाच. बाहेरून लावायला एनडीडीबीने (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने) सांगितलेला लेप आहे: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम एकत्र वाटायचं. कास पूर्ण पिळून, धुऊन, लेपाचा दहावा भाग पाण्यात पातळ करून सगळ्या कासेला लावायचा, दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. गाईला ताप असेल किंवा दुधात रक्त-पू दिसत असेल तर लेप लावत बसू नका, आजच डॉक्टरांना बोलवा.