वाचकांचे प्रश्न : फुफ्फुस-प्रत्यारोपणाचा विचार केव्हा करावा?

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची असून नवव्या वर्षी तिला सिस्टिक फायब्रोसिस (घट्ट कफ साचून फुफ्फुसे निकामी करणारा आनुवंशिक आजार) असल्याचे कळले. फुंकण्याच्या तपासणीत गेल्या दिवाळीत ५१ टक्के आलेला आकडा या दिवाळीपूर्वी ३७ वर आला. वर्षभरात तीन वेळा दवाखान्यात ठेवून शिरेतून अँटिबायोटिक्स द्यावी लागली. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ३९ किलो. बसल्या जागी ऑक्सिजन ९४ असतो, पण घराचा जिना चढून आली की ८६ पर्यंत उतरतो. डॉक्टरांनी चेन्नईच्या प्रत्यारोपण केंद्रात एकदा दाखवून यावे असे सुचवले. माझे मोठे दीर म्हणतात, ‘पोरगी चालती-फिरती आहे, आत्तापासून हे कशाला?’ आम्हा आई-वडिलांच्या फुफ्फुसाचा भाग तिला देता येईल का?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : प्रत्यारोपण केंद्रात दाखवणे, प्रतीक्षायादीत नाव घालणे आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया होणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी असून त्यांच्यामध्ये कधी काही महिने, तर कधी काही वर्षे जातात. ‘चेन्नईला दाखवून या’ हे शब्द घरात ‘आता ऑपरेशन’ असे ऐकले जातात आणि त्या धास्तीने पहिली पायरीच लांबणीवर पडते. आपल्या दिरांचा आक्षेप शस्त्रक्रियेच्या बाबतीत कदाचित रास्त ठरेल. दाखवण्याच्या बाबतीत मात्र तो मुळीच रास्त नाही.

आपण दिलेले आकडेच पाहू. फुंकण्याच्या तपासणीतला आकडा म्हणजे जोर लावून पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा, त्याच वयाच्या व उंचीच्या निरोगी व्यक्तीच्या तुलनेत. तो ५० च्या खाली गेला की प्रत्यारोपणाचा विषय निदान बोलण्यात तरी यावा, आणि ३० च्या खाली गेल्यास प्रौढ रुग्णाला विनाविलंब केंद्राकडे पाठवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. आपली मुलगी या दोहोंच्या मध्ये आहे; परंतु ५१ वरून ३७ म्हणजे गेल्या वर्षीच्या क्षमतेचा चतुर्थांशाहून अधिक भाग एका वर्षात गेला, आणि वर्षात पाचव्या हिश्शाहून अधिक घट होणे हेच पाठवण्याचे पुरेसे कारण मानतात. शिवाय ४० च्या खालचा आकडा आणि त्याच्या जोडीला वर्षातून दोन किंवा अधिक वेळा शिरेतून औषधे लागणे, श्रम होताच ऑक्सिजन उतरणे किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असले, तरी थांबू नये. तिचा बी. एम. आय. (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) साडेसोळाच्या आसपास येतो. १८ च्या खालचा आकडा चिंतेचाच. थुंकीतून भरपूर रक्त पडणे किंवा फुफ्फुस फुटून छातीत हवा साठणे असे पूर्वी कधी घडले असल्यास तेही सांगावे.

सहा मिनिटे चालण्याची तपासणी तिची झालेली दिसत नाही, ती इंदुरातच करून घ्यावी. लांब, सपाट व्हरांड्यात दोन खुणांमध्ये येरझारा घालायच्या, बोटाला ऑक्सिजनची चिमटी, तंत्रज्ञाच्या हातात घड्याळ, एवढाच तिचा पसारा; थकवा आल्यास मध्ये उभे राहता येते, घड्याळ मात्र चालूच राहते. अंतर ४०० मीटरपेक्षा कमी भरले तर ‘चालती-फिरती’ या शब्दाचा अर्थ दिरांच्याही लक्षात येईल. मुले लहानपणापासून या आजारासोबत वाढलेली असल्यामुळे दम कमी पडला की आपले फिरणेच कमी करतात आणि तक्रार करीत नाहीत.

मग शस्त्रक्रियाच लवकर का उरकू नये? कारण प्रत्यारोपण म्हणजे एका आजाराच्या जागी दुसरी, जन्मभर सांभाळायची अवस्था पत्करणे होय. नव्या फुफ्फुसांच्या पेशींत सिस्टिक फायब्रोसिसचा जनुकदोष नसतो, परंतु स्वादुपिंड, आतडी आणि सायनस यांतला आजार तसाच राहतो. टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. त्यांमुळे क्षयासह सर्व संसर्गांचा धोका वाढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि (इंदूरकरांना हे जड जाईल) सराफ्यातल्या उघड्यावरच्या चाटीला रामराम ठोकावा लागतो. जागतिक नोंदींनुसार या आजारात प्रत्यारोपणानंतर सुमारे निम्मे रुग्ण दहा वर्षांच्या आसपास किंवा त्याहून अधिक जगतात. म्हणून स्वतःच्या फुफ्फुसांवर जितके दिवस बरे निघतील तितके काढावेत. उलट फार उशीर झाला, रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला किंवा पार खंगला, तर केंद्र त्याला नाकारू शकते. योग्य काळ या दोन टोकांमध्ये असतो, आणि तो ओळखण्यासाठी केंद्राने तिला निदान दोन-तीनदा पाहिलेले असावे लागते. एका भेटीतून घसरणीचा वेग कळत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडक्यात. या आजारात एकच फुफ्फुस बदलून चालत नाही, कारण उरलेल्या जुन्या फुफ्फुसातला जंतुसंसर्ग नव्यात उतरतो. दोन जिवंत नातेवाइकांकडून प्रत्येकी एक खालचा खंड घेण्याची पद्धत अमेरिकेत व जपानमध्ये वापरली गेली. तीत एका रुग्णासाठी दोन निरोगी माणसे टेबलावर जातात. आपण मेंदूमृत दात्याच्या फुफ्फुसांचाच विचार धरून चालावे. दात्याचा रक्तगट आणि छातीचा आकार जुळावा लागतो. १५४ सेंटिमीटर उंचीच्या मुलीला लहान फुफ्फुसे हवीत आणि ती कमी मिळतात, म्हणून तिची प्रतीक्षा लांबू शकते. घाई दाखवण्याची करावी, याचे हे आणखी एक कारण.

प्रतीक्षायादीतल्या नोंदणीसाठी केंद्र ज्या राज्यात आहे त्या राज्याचे रहिवासी असण्याची अट नसावी, असे २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले आहे. त्यामुळे मध्य प्रदेशातल्या रुग्णाला चेन्नई, हैदराबाद किंवा मुंबई येथे नाव घालता येते. अवयव नेण्यासाठी रस्ते मोकळे करण्याचा ‘ग्रीन कॉरिडॉर’ इंदूरने २०१५ पासून अनेकदा पाहिला आहे. परंतु फुफ्फुस काही तासांतच बसवावे लागत असल्याने यादीत नाव असलेल्याला केंद्राच्या गावी बिऱ्हाड करून राहावे लागते, आणि शस्त्रक्रियेनंतरही काही महिने तेथेच. चेन्नईत तिच्याजवळ कोण राहणार, हे घरात आत्ताच बोलून ठेवावे.

जनुकतपासणीचा अहवाल नसेल तर तो आधी मिळवावा. २०१९ पासून आलेल्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीमुळे परदेशातील अनेक रुग्णांची प्रत्यारोपणाची गरज पुढे ढकलली गेली. ज्या जनुकबदलावर ती मुख्यत्वे चालते तो भारतीय रुग्णांत तुलनेने कमी आढळतो, तरी आपल्या मुलीत आहे की नाही हे ठाऊक असलेच पाहिजे. दरम्यान आहारतज्ज्ञाच्या मदतीने वजन वाढवणे आणि रोजची छातीची फिजिओथेरपी यांत खंड पडू देऊ नये. तोंडाने खाऊन वजन वाढत नसेल तर पोटात नळी बसवून रात्री आहार देता येतो.

आपल्या संपूर्ण पत्रात मुलीचे स्वतःचे म्हणणे कोठेच आलेले नाही. ती २२ वर्षांची आहे. दिरांच्या आधी तिला विचारावे, आणि चेन्नईच्या पहिल्या भेटीत तिला डॉक्टरांशी काही वेळ एकटीला बोलू द्यावे.

जाताना दोन वर्षांचे फुंकण्याचे अहवाल, सी. टी. स्कॅनची सीडी, हृदयाचा एको आणि लसीकरणाची नोंद घ्यावी. थुंकीचे सर्व कल्चर-अहवाल (त्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे) तर हवेतच, आणि त्यांत बर्खोल्डेरिया गटाचा जंतू आहे का, हे प्रयोगशाळेला मुद्दाम विचारावे. साध्या तपासणीत तो स्यूडोमोनास या दुसऱ्याच जंतूच्या नावाने नोंदला जाऊ शकतो, आणि त्याचा एक प्रकार आढळल्यास पुष्कळ केंद्रे प्रत्यारोपणच करीत नाहीत.